अंगठीची काळजी

अर्नेस्टीन मावशीनं व्हर्लीसाच्या बोटाला साबणाचा फेस चोळला आणि अंगठी पुढे ढकलली. चढली एकदाची, पण मावशीचा चेहरा काही उजळला नाही.

“मागल्या खेपेला सैल होत होती. दोरा गुंडाळला होता आपण.”

“उकाडा आहे गं मावशी. फोनवर नर्स म्हणाली ना, पाणी पी, मीठ कमी खा.”

“तिचं काय जातंय म्हणायला!”

अंगठी मावशीच्या आईची. व्हर्लीसाचं लग्न अजून व्हायचं होतं. टेरेन्स नदीवरच्या मालबोटीवर होता, नाताळला यायचा होता. पण दवाखान्यात जायचं ते रविवारी चर्चला जातो तसं. निळा झगा, मोत्यांचे डूल, बोटात अंगठी. काळी बाई साध्या कपड्यांत गेली की तिथली माणसं तिच्याशी नाही, भिंतीशी बोलतात, हे मिसिसिपीतल्या त्या गावात शेंबड्या पोरीलाही ठाऊक. गावातला बाळंतपणाचा विभाग बंद झाला होता, आता सत्तर मैल जायचं.

मावशी गाडी चालवत होती, दोन्ही बाजूंना कपाशी सरकत होती. सकाळच्या लख्ख उन्हात व्हर्लीसाला काजवे दिसत होते, हिरवे, चंदेरी, काचेवर, कपाशीवर, मावशीच्या टोपीवर. खरं सांगायचं तर छान दिसत होतं सगळं. तीन दिवस ठणकणारं डोकंसुद्धा कुणा दुसऱ्याचं असावं तसं लांब गेलं होतं. रेल्वेच्या फाटकात मालगाडी आडवी उभी राहिली, तेव्हा तिनं डोळे मिटले. बाळ आणि ती पाण्यावर तरंगत होती, आणि टेरेन्स पैलतीरावरून हाका मारत होता. सातवा महिना, अजून किती अंतर कापायचं होतं.

दवाखान्यात पोचायला वीस मिनिटं उशीर झाला.

“तुमची वेळ गेली,” खिडकीतली मुलगी म्हणाली. “आता अकरा दिवसांनी या.”

“डोकं फार दुखतंय हो. डोळ्यांपुढं काजवे येतात.”

“अय्या, पण किती छान दिसताय तुम्ही! आजारी वाटतच नाही.”

एवढ्यात दार ढकलून एक सोनेरी केसांची गरोदर बाई आली. पायांत घरातल्या सपाता. फाटकात तिची गाडी यांच्याच मागं उभी होती.

“मेली ती मालगाडी! अर्धा तास उशीर झाला बघ मला.”

“आज पुन्हा का? जा गं, जा आत.”

मावशीचा जबडा आवळला. व्हर्लीसानं तिची बाही धरली. इथं आपला आवाज चढला की पहारेकरी येतो. मागल्या वर्षी चुलतबहिणीला असंच बाहेर काढलं होतं.

मावशी हसली. मधात बोट बुडवल्यासारखी गोड बोलली.

“बाळ, एक काम कर. माझ्या आईची अंगठी हिच्या बोटात रुतलीय. सोन्याची आहे. ती काढून दे, मग निघतो आम्ही. अंगठीवाचून मी हलायची नाही.”

व्हर्लीसाला रडूच कोसळलं. माझा जीव चाललाय आणि हिला अंगठी सुचतेय! पण मावशीनं तिचा दंड घट्ट धरून ठेवला होता.

अंगठीला मात्र कुणाला नाही म्हणता येईना. आतून एक नर्स छोटी कातर घेऊन आली. तिनं व्हर्लीसाचा हात हातात घेतला, बोट दाबलं. खळी पडली ती पडलीच, भरून येईना. नर्सनं पहिल्यांदा वर, चेहऱ्याकडे पाहिलं.

“काजवे दिसतात म्हणालात?”

“हो. तुमच्या खांद्यावर आहेत आत्ता.”

नर्सनं दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, आकडा पाहिला, पुन्हा पाहिला.

“व्हीलचेअर आणा! डॉक्टरांना बोलवा, आत्ताच्या आत्ता!”

मग पांढरी चादर, सुई, आणि यंत्रातून घोडा दौडावा तसे बाळाचे ठोके. व्हर्लीसा ते ऐकत पडून राहिली. काजवे एकेक करून विझत होते. मावशी दारात उभी होती, टोपी हातात घेऊन. मावशीची आजी सुईण होती, अर्ध्या तालुक्याची बाळंतपणं केलेली. सुजलेला हात या बाईला आज सकाळीच कळला होता.

नर्स कागदी पेल्यात अंगठीचे दोन तुकडे घेऊन आली.

“माफ करा हं, इतकी सुंदर अंगठी कापावी लागली. खरंच, फार वाईट वाटतंय मला. आईची होती ना!”

“अंगठीचं काय, सोनार जोडून देईल,” मावशी म्हणाली. तिनं खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि व्हर्लीसाचा सुजलेला हात आपल्या मांडीवर घेतला.