डाव्या हाताची मैत्रीण

टिकलीला उजव्या कानाने ऐकू येत नाही, हे शाळेत फक्त रेडिओला माहीत होतं. रेडिओ म्हणजे तिची मैत्रीण. तोंड म्हणून मिटायचं नाही, म्हणून हे नाव. शेवटच्या बाकावर ती टिकलीच्या डाव्या हाताला बसायची आणि बाई शिकवतील ते तिच्या चांगल्या कानात कुजबुजायची. दोन वर्षं हा कारभार बिनबोभाट चालला होता. राजा सासूच्या चपला घालून लढाईतून पळाला, असं टिकलीने परीक्षेत लिहिलं तेव्हा भोपळा मिळाला. बाईंना स्वतः शिकवलेलंच आठवत नाही, असं रेडिओ म्हणाली आणि टिकलीला ते पटलं.

अशात कान तपासणाऱ्या मॅडम आल्या. ज्याला कमी ऐकू येईल त्याला पहिला बाक, असं बाईंनी जाहीर केलं. टिकलीला ते नकोच होतं. बाईंच्या नाकासमोर बसायचं, आणि तेही रेडिओशिवाय.

तपासणी वाचनालयाच्या खोलीत होती. हेडफोन लावायचा, आवाज आला की हात वर करायचा. रांगेत उभ्या उभ्या टिकलीने एक गोष्ट हेरली. बटण दाबताना मॅडमची एक भुवई उडायची. झालं काम! डाव्या कानाचं सरळच होतं. उजव्याच्या वेळी तिने भुवईवर नजर ठेवली आणि पटापट हात वर केले. मॅडमनी तिची खुर्ची भिंतीकडे वळवली. आता भुवई कुठली दिसायला? टिकलीने अंदाजाने हात वर केला.

"बाळ, मी अजून बटण दाबलंच नाही," मॅडम म्हणाल्या.

बिंग फुटलं. टिकलीला रडूच आलं.

पुढचा नंबर रेडिओचा. तिचे कान एवढे तिखट, की शेजारच्या वर्गात कुणी खाऊचा डबा उघडला तरी तिला कळायचं. पण ती मख्खासारखी बसून राहिली. दोन्ही कान झाले, तरी हात मांडीवरून हलला नाही. मॅडमनी तिचा हेडफोन काढला, तिच्या पाठीमागे गेल्या आणि दाराशी उभ्या असलेल्या बाईंना अगदी हळू म्हणाल्या, "हिला शेवटचाच बाक ठीक आहे."

"का पण?" रेडिओ गर्रकन वळली आणि मग तिने जीभ चावली.

मॅडमनी हसू दाबत टिकलीच्या कागदावर लिहिलं: उजव्या कानाला मशीन, पहिला बाक, मैत्रीण डाव्या हाताला.

महिनाभराने मशीन आलं. बाई जुन्या धड्याची उजळणी घेत होत्या. राजा हरला आणि मागे फिरला, असं त्या म्हणाल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. चपलांचं नावही नाही. म्हणजे दोन वर्षांचा निम्मा अभ्यास रेडिओने स्वतःच रचला होता तर! टिकलीने रागाने तिच्याकडे पाहिलं. रेडिओ एवढंसं तोंड करून वहीत बघत होती.

"आता तुला माझी गरज नाही," ती पुटपुटली.

टिकलीचा राग कुठल्या कुठे गेला. तिने डावा कान तिच्याजवळ नेला.

"राजा मागे फिरला ते कळलं," ती हळूच म्हणाली. "पण सासूने चपला परत मागितल्या की नाही?"