हात थरथरतो म्हणून

ताईच्या हाताखालून गेलेली काच फुटत नाही, असं कारखान्यात म्हणायचे. काचसामानाच्या त्या कारखान्यात पॅकिंग विभागात तिची उभी हयात गेली होती. पातळ पेले, लांब मानेच्या सुरया, दिव्यांच्या हंड्या ती कागदात अशा गुंडाळायची की ट्रकने खड्ड्यांशी कितीही कुस्ती खेळली तरी माल जसाच्या तसा उतरायचा. त्यामुळे नात्यागोत्यात कुणी प्रवासाला निघालं की बॅग भरायला ताईला बोलावणं यायचं. आणि नाही आलं, तर ताई आपणहून जायची.

या वेळी निघाला होता तिचा धाकटा भाऊ. तो पाट्या रंगवायचा. छापील फलक आल्यावर त्या धंद्यातली बरीच माणसं दुसऱ्या कामाला लागली, पण याचं अक्षरच असं होतं की लोक पत्ता शोधत यायचे. सगळे त्याला पेंटर म्हणायचे, त्याची बायकोसुद्धा. एका दूरच्या बंदरातल्या फेरीबोटींच्या कंपनीला आपल्या सगळ्या बोटींवर हातानं काढलेली नावं हवी होती. महिनाभराचं काम होतं, आणि आजारपणानंतर पेंटर पहिल्यांदाच इतक्या लांब निघाला होता.

त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. कधी काळी शिडीवर चढून दोन मजली अक्षरं काढणारा माणूस डायलिसिसच्या खुर्चीत बसून छताकडे बघत राहायचा. घरात सगळ्यांच्या तपासण्या झाल्या आणि जुळली ती ताईची. ताईचे यजमान एवढंच म्हणाले, "भाऊ तुझा, पोट तुझं. मी फक्त डबा घेऊन येणार." आणि खरोखरच ते रोज डबा घेऊन आले.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून समजावलं होतं. "तुमच्या शरीराला ही किडनी परकी वाटते. या गोळ्या त्याला गप्प बसवतात. गोळ्या चुकवल्या की ते पाहुण्याला हाकलून द्यायला निघतं."

"पाहुणी कसली? सख्खी बहीण आहे मी," ताई म्हणाली होती, आणि टाके दुखत असूनही तिघं हसले होते.

ताईला नंतर जड खोकी उचलू देईनात. पॅकिंगमधून तिला तपासणीच्या टेबलावर बसवलं. दिव्याखाली पेला धरायचा, तडा शोधायचा, बाजूला ठेवायचा. हाताला कामच नाही असं तिला वाटायचं. पण तिनं कधी त्याबद्दल ब्र काढला नाही. पोटाच्या बाजूच्या व्रणावरून हात फिरला की तिला वाटायचं, तिकडे त्याचं चाललंय ना नीट, मग झालं.

तर त्या रविवारी दुपारी ताई भावाच्या घरी पोचली. पेंटर नवे ब्रश आणायला बाजारात गेला होता. भावजयीनं दार उघडलं, चहा ठेवला, आणि चहा पिऊन होतो न होतो तोच परत विचारलं, "ताई, चहा घेणार?"

"आत्ताच तर दिलास. आण औषधं, आधी तेच काम उरकू."

ताईनं टेबलावर स्वच्छ कापड पसरलं. हातात धरायच्या बॅगेत बसेल अशी चेनची पारदर्शक पिशवी ती घेऊन आली होती. "हे बघ, औषधं मोठ्या बॅगेत टाकायची नाहीत. बॅग हरवली तर कपडे नवे घेता येतात, या गोळ्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. आणि पाकिटातून काढून डबीत भरायच्या नाहीत. वाटेत कुणी तपासलं तर वर त्याचं नाव छापलेलं दिसायला हवं. डॉक्टरांच्या चिठ्ठीची एक प्रत यात, एक त्याच्या खिशात. कळलं?"

भावजय मान डोलावत होती. एरवी नणंदेला चिडवायची एकही संधी न सोडणारी बाई आज तोंडात गुळणी धरून बसली होती.

"एवढीच पाकिटं? महिन्याला कशी पुरतील? शिवाय बोट चुकली, वादळ आलं, तर वरचे आठ-दहा दिवस धरायला हवेत."

"आणते उद्या."

"उद्या तर तो निघतोय."

"सकाळीच आणते, ताई. तुम्ही काळजी करू नका."

काळजी करू नका म्हटल्यानं ज्यांची काळजी थांबते त्यातली ताई नव्हती. पण आधी असलेलं तरी नीट भरू, म्हणून ती पाकिटांना आधार द्यायला जाड पुठ्ठा शोधायला उठली. पेंटरच्या कामाच्या खोलीत पुठ्ठ्यांना काय तोटा? अक्षरांचे साचे कापून उरलेले तुकडे तो खालच्या कपाटात ठेवायचा, हे तिला ठाऊक होतं. मागून भावजयीची हाक आली, "ताई, थांबा, मी देते!" पण तोवर कपाट उघडलं होतं.

पुठ्ठ्यांच्या मागे एक कापडी पिशवी होती. आत औषधाची पाकिटं. तीच, सकाळ-संध्याकाळ घ्यायची मुख्य गोळी. एकाचंही सील उघडलेलं नव्हतं.

ताईला आधी बरंच वाटलं. साठा करून ठेवलाय, शहाणा झाला म्हणायचा! मग तपासणीच्या टेबलावर लागलेल्या सवयीनं तिनं पाकीट उजेडात धरलं, आणि त्यावरची तारीख वाचली. मुदत उलटून गेली होती. दुसरं बघितलं, त्याचीही. तिसऱ्याची अजून संपायची होती. पिशवी पार तळापर्यंत भरलेली.

ती पिशवी घेऊन बाहेर आली आणि टेबलावर ठेवली. भावजयीचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे काय आहे?"

भावजय चहाचे कप उचलायला लागली.

"अगं, मी तुला विचारतेय. तो गोळ्या घेत नाही?"

"घेतात. म्हणजे... सकाळची घेतात कधीकधी. संध्याकाळची सोडतात."

"कधीपासून?"

"झालं वर्ष. जास्तच असेल." ती रडायला लागली. "मी किती भांडले ताई, शपथ घेते हवी तर. म्हणाले, ताईला कळलं तर या घरात तोंड दाखवणार नाही."

"आणि रक्ताची तपासणी? दर वेळी मला फोन करून सांगता ना, सगळं छान आहे म्हणून?"

"तपासणीच्या आधी आठवडाभर नीट घेतात. परीक्षेच्या आधी मुलं अभ्यास करतात तसं."

ताई खुर्चीवर टेकली. तिनं पदर पोटाशी घट्ट धरला, जणू तिथलं काही कुणी ओरबाडून नेत होतं. त्या दोघांनी फोनवर हसत हसत सांगितलेलं एकेक वाक्य तिला आठवत होतं. 'तुझी किडनी तुझ्यासारखीच खणखणीत आहे, ताई.' त्या वाक्यावर ती चार दिवस खूश असायची, यजमानांना दोनदोनदा सांगायची. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि कापणारे परके असते तर आरडाओरडा तरी करता आला असता. आपलेच दात, आपलेच ओठ.

तेवढ्यात पेंटर आला. हातात ब्रशांचं पुडकं, ओठांवर शीळ. टेबलावरची पिशवी दिसली आणि शीळ थांबली.

"तू सांगितलंस?" त्यानं बायकोला विचारलं.

"तिच्यावर डाफरू नकोस," ताई म्हणाली. "मला सांग. का?"

त्यानं पुडकं खाली ठेवलं आणि उजवा हात पुढे केला. "आता बघ. स्थिर आहे ना? त्या गोळ्या पूर्ण घेतल्या की हा हात थरथरतो. चमचा धरता येतो, पेला धरता येतो, लोकांना कळतसुद्धा नाही. पण रेघ, ताई... रेघ सरळ येत नाही. एका दवाखान्याच्या पाटीवर मी तीन वेळा रंग पुसला. मालक शेजारी उभा राहून बघत होता. शेवटी म्हणाला, राहू द्या, छापून घेऊ."

"मग डॉक्टरांना सांगायचं होतं."

"आणि त्यांनी पाट्यांचं कामच सोडा म्हटलं असतं तर? मला भीती वाटली."

"मला सांगायचं होतंस!"

"तुला?" तो हसला, पण ते हसू बरं नव्हतं. "तुला कसं सांगणार? तू माझ्या ताटाकडे बघतेस. मी शिंकलो तरी तुझा चेहरा बदलतो. मी खोकलो तर तुझा हात पोटावर जातो, मला दिसतं ते. मी माझ्या घरात भाड्यानं राहतोय असं वाटतं मला."

"मी कधी बोलून दाखवलं?"

"नाही दाखवलंस. दाखवलं असतंस तर भांडता तरी आलं असतं." मग त्याच्या तोंडून ते वाक्य निघून गेलं. "दिलीस ना? मग ती आता माझी झाली. मी तिचं काय करायचं ते मी ठरवेन."

भावजयीनं तोंडावर हात ठेवला.

ताईच्या मनात पुष्कळ काही आलं. हातातून गेलेलं पॅकिंगचं काम, भूल उतरतानाची ती तहान, पायऱ्या चढून येणारा यजमानांचा डबा. पण यातलं काहीही बोललं की तो म्हणणार, बघ, काढलास ना हिशोब. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच. ती उठली. मुदत संपलेली पाकिटं बाजूला केली, चालणारी निवडली, पुठ्ठ्याचा आधार दिला, चिठ्ठीची प्रत ठेवली आणि पिशवीची चेन लावली. तिचे हात नेहमीसारखे नीटनेटके चालत होते. ते बघूनच पेंटरचा धीर सुटला.

"ताई, काहीतरी बोल ना."

"तुझी झाली म्हणतोस, बरोबर आहे. दिली ती दिली. पण दर महिन्याला फोन करून जे सांगत होतास ते मला देत होतास ना? ते खोटं होतं." तिनं चप्पल घातली. "प्रवासाला जायच्या आधी डॉक्टरांना सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन."

"काम संपवून आलो की सांगतो. एवढ्या बोटी होऊ देत. तिकडे गोळ्या नीट घेईन, शप्पथ."

"नीट घेतल्यास तर हात थरथरणार. न थरथरता आलास तर मला कळणारच आहे," ताई म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

सोमवारी सकाळी तिनं कारखान्यातून दवाखान्यात फोन केला. नर्सबाई म्हणाल्या, पेशंटचा काही निरोप नाही. चुगली केली की नातं तुटणार, गप्प बसली तर किडनी जाणार. मग तिनं सगळं सांगितलं. दवाखान्यातून पेंटरला फोन गेला तेव्हा तो बसच्या थांब्यावर होता. डॉक्टर त्याला एवढंच म्हणाले की आत्ता बसमध्ये चढलात तर परत येताना कदाचित डायलिसिसच्या खुर्चीतच याल. तो परत फिरला. ताईला त्याचा एकच निरोप आला, भावजयीकडून: "तू माझं काम घालवलंस, असं सांगायला सांगितलंय."

तपासण्या झाल्या, सुईनं किडनीचा बारीक तुकडा काढून बघितला. शरीर पाहुणीला हाकलायच्या तयारीला लागलं होतं. त्याला भरती केलं, शिरेतून औषधं दिली. किडनी बरीच वाचली, थोडी गेली ती गेलीच. किती वर्षं टिकेल ते आता कुणी छातीठोक सांगेना. आणि हात थरथरण्याचं ऐकल्यावर डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. त्याच जातीची दुसरी गोळी होती, दिवसातून एकदा घ्यायची. तिनं पुष्कळांची थरथर कमी होते. सुरुवातीलाच तोंड उघडलं असतं तर तेव्हाच बदलून दिली असती.

हे भावजयीनं फोनवर सांगितलं तेव्हा ताईला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही. "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला. यजमानांनी विचारलं, "जाऊन येऊ या का?" ती म्हणाली, "तुम्ही या जाऊन." ते गेले. डबा घेऊन गेले.

बोटींचं काम गेलं नाही. कंपनी थांबली. दोनेक महिन्यांनी पेंटर जाऊनही आला. नव्या गोळीवर हात अगदी पहिल्यासारखा नव्हता, पण मनगटाखाली काठी धरून रेघ सरळ येत होती. त्यानं एका बोटीचा फोटो पाठवला. निळ्या अंगावर पांढरी अक्षरं, सुरेख. ताईनं तो मोठा करून बघितला, अक्षरांच्या कडा पाहिल्या, आणि उत्तर लिहिलं नाही.

पुढे तिच्या स्वतःच्या वार्षिक तपासणीची तारीख आली. देणाऱ्यालाही तपासावं लागतं. दवाखान्याच्या बाकावर ती बसली होती, तर कॉरिडॉरच्या टोकाकडून पेंटर आला. त्याची तपासणी त्या दिवशी नव्हती. तो शेजारी बसला. दोघांमध्ये एका माणसाची जागा मोकळी राहिली.

"तुझा रिपोर्ट काय आला ते कधी विचारलंच नाही मी," तो म्हणाला. "एवढ्या वर्षांत. एकदाही नाही."

ताई समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"मी चुकलो, ताई. त्या दिवशी बोललो तेही चुकलं. माफ कर."

"ऐकलं."

"केलंस?"

तिनं त्याच्याकडे बघितलं. तो बारीक झाला होता, कानशिलं पांढरी झाली होती. त्याला मांडीवर घेऊन भरवलं होतं तिनं, तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. हो म्हणणं सोपं होतं. आयुष्यभर तिनं त्याला होच म्हटलं होतं.

"केलं म्हणू का? म्हणायला काय जातं. पण आता तू बरा आहेस असं सांगितलंस, तरी मला खरं वाटत नाही. पूर्वी वाटायचं. ते जेव्हा वाटायला लागेल तेव्हा सांगेन तुला."

आतून नर्सबाईंनी तिला हाक मारली. ती उठली, पर्स खांद्याला लावली.

"मी थांबू का?" त्यानं विचारलं. "रिपोर्ट कळेपर्यंत?"

"तुझी मर्जी," ताई म्हणाली आणि आत गेली.

तपासणी आटोपून ती बाहेर आली तेव्हा तो तिथेच बसलेला होता. ती त्याच्यासमोर थांबली, म्हणाली, "ठीक आहे सगळं," आणि दोघं एकापाठोपाठ एक जिना उतरले. फाटकाशी त्याची वाट डावीकडे होती, तिची उजवीकडे.