बुक्क्याच्या डब्यातली छत्री

मित्रांनो, मी एक जुनी बोलपटाची फीत आहे. चित्रे नुकती बोलू लागली होती, त्या काळातली. कीर्तनात बुवा मधेच एखादी गंमत सांगून पेंगणाऱ्यांना जागे करतात ना, तसेच माझे काम. मोठ्या सिनेमाआधी लोकांना हसवायचे.

माझी गोष्ट एवढीशी. एका मिशीवाल्याची छत्री त्याच्याच पाठीवर, कॉलरला अडकवलेली असते आणि तो ती गावभर शोधतो. मेहकरच्या जत्रेतला सिनेमाचा तंबू कायमचा उठला, तेव्हा मालकाने मला, तिथे मला पुन्हा पुन्हा पाहून हसणाऱ्या अर्जुनबुवांना कीर्तनाची बिदागी म्हणून दिले.

पुढे बुवा गेले. घरचे धरून चालले, की डब्यात बुवांचे कीर्तनच भरलेले आहे. झाले, मी देवघरात! त्यांची लेक सत्यभामाबाई दर एकादशीला झाकण किलकिले करून आत चिमूटभर बुक्का टाकी आणि कान लावून बसे. ही काय ऐकते, याचे मला भारी कुतूहल. पण माझा आवाज माझ्या कडेच्या बारीक पट्टीत असतो. बुक्क्याने तीच ठिकठिकाणी घासली गेली. असे लाड दुसऱ्या कुठल्या फितीचे झाले असतील?

यंदा बुलढाण्याचे वैजनाथ सर आले. अशा छोट्या विनोदी बोलपटांचा त्यांना नाद. मोठे सिनेमे लोक जपतात, मग ही गंमतच का फेकून दिली, हे त्यांचे कोडे. बाईंनी एकच विचारले, "सर, माह्या बाबांचा आवाज ऐकू येईन ना?"

सरांनी मला डब्यातून काढून यंत्रावर चढवले. यंत्र सुरू झाले आणि पडद्यावर मिशीवाला आला. बाईंनी मान खाली घातली. सर यंत्र बंद करणार, तोच मिशीवाला छत्र्यांच्या दुकानात शिरला आणि नेमका माझा आवाज गेला. नुसते ओठ हलू लागले. हे बोलणे आता कुणाला ठाऊक असणार, म्हणून सर हळहळले.

बाईंनी मान वर केली. "थांबा. मले येते हे. बाबा कीर्तनात सांगत."

आणि त्या ओठांच्या जोडीने, बुवांच्या ठेक्यात त्या बोलू लागल्या, "दुकानदारा, सारा गाव पालथा घातला. तुह्याकडंबी नाही, मंग गेली कुठी?" मग हसत म्हणाल्या, "इथं बाबा टाळ थांबवत. म्हनत, देव असाच पाठीशी असते, अन् आपून त्याले गावभर पुसत राह्यतो."

सरांनी मला पुन्हा लावले. बाई पुन्हा बोलल्या.

मित्रांनो, घरातल्या बंद डब्याला हात जरूर जोडा, पण तो उघडूनही पाहा. आणि ज्याला त्यातले पाठ आहे, ते माणूस जवळ असतानाच पाहा. माझ्या डब्याला अजूनही एकादशीला बुक्का लागतो. फक्त आता झाकणावर, बाहेरून.