चौथी ओटी

नरडाण्यात त्या वर्षी दोन बातम्या पाठोपाठ आल्या. एक, फैजपूरला काँग्रेस भरणार. दुसरी, धनसिंगच्या भागाबाईला दिवस गेलेत. पहिल्या बातमीवर पुरुष बोलत, दुसरीवर अख्खं गाव.

भागाबाईची चाळिशी केव्हाच उलटली होती. थोरली लेक साक्रीला दिलेली, तिला दोन पोरं. मुलगा झुलाल, त्याचं लग्न गेल्या उन्हाळ्यात झालं आणि त्याची बायको कुंदा पोटुशी होती. कुंदाला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. सुनेसाठी डिंक नि खोबरं गोळा करताना भागाबाईच्या स्वतःच्याच पोटात काहीतरी हललं. पाळी चुकली तेव्हा तिला वाटलं होतं, सुटले एकदाची. तिने कानबाईपुढे नारळही फोडला होता. आता तेच सुटलेलं आतून लाथा मारत होतं.

धनसिंगने हे ऐकलं आणि पारावर जायचं बंद केलं. माणूस शेतात जाताना गावाबाहेरून वळसा घालू लागला. कुणी "राम राम" म्हटलं तरी त्याला वाटे, हा हसतोय.

हसण्यात सगळ्यात पुढे पाटलीण. सुगंधाबाई पाटलीण म्हणजे अंगाने दणकट नि जिभेने त्याहून. दोन जावई आलेले, सांधे दुखतात म्हणून कुरकुरायचं वय, पण दुसऱ्याची गंमत करायला पाय अजिबात दुखत नसत. विहिरीवर भागाबाई दिसली की ती दोर सोडून विचारी, "भागा, पाळणा एक लेशी का दोन? सुतारले एकदमच सांग ना, स्वस्त पडी!" बाया पदर तोंडाला लावून खिदळत. भागाबाई हंडा अर्धाच भरून घरी येई.

शेवटी तिने विहिरीला दुपारी जायचं ठरवलं, बाया नसताना. आणि तिथेच तिला लालचंद शेठच्या हवेलीतून बोलावणं आलं. गुलाबबाई शेठाणीला भेटायचं होतं.

लालचंद शेठ माहेश्वरी मारवाडी, स्टेशनाजवळ कापसाचा व्यापार करी. गुलाबबाईचं लग्न होऊन वीस-बावीस वर्षं झालेली, नवस करून करून गुडघे झिजले, आणि आता चाळिशीत तिला पहिल्यांदा दिवस राहिले होते. घरात आनंद एवढा, की तिला हलू देत नव्हते. सासू दिवसभर दाराशी माळ घेऊन बसे. पण म्हातारी जेवून आडवी झाली की सांज होईपर्यंत उठत नसे, आणि कान तर तिचे कधीचेच गेले होते.

"भागाबाई," शेठाणी ओढणीचं टोक चुरगळत म्हणाली, "मला कुणाला विचारू ते कळत नाही. सासूबाईंना विचारलं तर रडतात. शेजारच्या पोरींना विचारलं तर हसतात. तुम्ही पण... म्हणजे तुमचं पण..."

"मना पण म्हातारपणना उद्योग शे, असंच ना?" भागाबाई म्हणाली आणि दोघी हसायला लागल्या. हसता हसता गुलाबबाई रडायला लागली, मग परत हसायला. त्या दिवसापासून भागाबाईची दुपार हवेलीत जाऊ लागली. कधी कुंदालाही ती बरोबर नेई.

गुलाबबाईचे प्रश्न संपत नसत. छातीत जळतं ते बाळाचे केस वाढतात म्हणून का? कंबर मोडते ती शेवटपर्यंत मोडणार का? एकदा तिने विचारलं, "पायात गोळे येतात, ते का?"

भागाबाईने चेहरा गंभीर केला. "उजवा पायमा येतस का डावामा?"

"दोन्हीत!"

"मग कठीण शे. तेले एकच औषध. नवरानी रोज सांजले पाय चेपाले पाहिजे. दुसरा कोणी चेपेल चालस नही."

कुंदा भिंतीकडे तोंड करून हसत होती. पण शेठाणीने ते खरं मानलं. दुसऱ्या दिवशी समोर आली ती लाजून लालेलाल. "चेपले," ती पुटपुटली. "दार लावून. आणि भागाबाई, गोळे खरंच गेले हो."

"जातसच," भागाबाई म्हणाली. घरी येऊन तिने तो सगळा प्रकार धनसिंगला सांगितला आणि स्वतःचे पाय पुढे केले. धनसिंग कितीतरी दिवसांनी हसला. आणि मग इकडेतिकडे बघून त्यानेही चेपले.

हिवाळा लागला. शेतांत वांगी टपोरी झाली, आणि जिकडेतिकडे भरताच्या पार्ट्या झडू लागल्या. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजण्याचा वास वाऱ्याबरोबर हवेलीच्या खिडकीतून आत शिरला आणि गुलाबबाई वेडी झाली. तिच्या घरात लसूण उंबऱ्याच्या आत येत नसे. जन्मात तिने तो खाल्ला नव्हता. आणि आता तिला लसणीचं भरतच हवं होतं. स्वप्नातदेखील तेच.

"हे पाप आहे ना हो?" ती विचारी.

"पाप पोटमा जे शे त्यानं," भागाबाई म्हणाली. "तुनं काय? तू नुसती ताट शे."

संधी फैजपूरने आणून दिली. काँग्रेसचं अधिवेशन खेड्यात भरतंय म्हटल्यावर अर्धं गाव निघालं. पाटील निघाले, लालचंद शेठ निघाले, झुलाल निघाला. आणि सगळ्यात आधी बोचकं बांधून तयार झाला तो धनसिंग. देशासाठी म्हणाल तर तसंही असेल, पण भागाबाईला ठाऊक होतं, तिथल्या लाखभर माणसांत त्याच्या घरची बातमी माहीत असलेले गावचे मूठभरच होते. "मी नवी टोपी लई येसू," तो जाताना म्हणाला. ताप्ती लाइनची गाडी धूर सोडत गेली आणि गावात बाया, म्हातारे नि बैल उरले.

दुसऱ्याच दिवशी म्हातारी आडवी झाली तशी गुलाबबाई मागच्या दाराने निघाली. भागाबाईचं शेत गावापासून हाकेवर होतं. कुंदाने आधी जाऊन काड्या पेटवल्या होत्या. हिरवी वांगी भाजली, सोलली, मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, सगळं काठवटीत ठेचून एकजीव केलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी भागाबाईने घरूनच थापून आणलेल्या. शेठाणीने पहिला घास तोंडात घातला आणि डोळे मिटले.

"कसं शे?" भागाबाईने विचारलं.

गुलाबबाईने बोलण्याच्या भानगडीत न पडता दुसरा घास घेतला. मग तिसरा. ओढणीवर तेल सांडलं, नाकातून पाणी वाहू लागलं, पण हात थांबला नाही.

तेवढ्यात बांधावरून आवाज आला. "वा! शेठाणीबाई लसूण खाई राहिन्यात!"

सुगंधाबाई पाटलीण कमरेवर हात ठेवून उभी. धूर बघून तिला राहवलं नव्हतं. गुलाबबाईच्या हातातली भाकर गळाली. "मी आते सरळ तुमनी सासूकडेच जास," पाटलीण म्हणाली. "कान नसतीन तिले, पण नाक शे ना! अन् भागा, तू माहेश्वरी घर बाटाडी टाकं. थांब, विहिरीवर बठ्ठ्या बायास्ले—"

वारा फिरला. भाजल्या वांग्याचा सगळा धूर पाटलिणीच्या तोंडावर गेला. तिचं वाक्य तोंडातच राहिलं. चेहरा पांढरा पडला, ती वळली आणि बांधापलीकडे वाकून ओकू लागली.

भागाबाई उठली. आधी तिला वाटलं, बरं झालं. मग ती पाणी घेऊन बांधाशी गेली आणि जागच्या जागी थबकली. पाटलीण खाली बसली होती. तिला कुणी बघतंय हे माहीत नव्हतं. बांधाच्या मातीचं एक ढेकूळ तिने नखाने उकरलं, फुंकर घातली आणि हळूच तोंडात टाकलं. डोळे मिटून ती ते चघळत होती, अगदी गुलाबबाईने भरत चघळावं तशी.

भागाबाईच्या अंगातून आनंदाची अशी लहर गेली, की पोटातलं पोरसुद्धा उडालं. इतके महिने विहिरीवर गिळलेलं हसू सगळं एकदम वर आलं. एक आरोळी ठोकली असती तर शेजारच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बाया धावत आल्या असत्या. तिने तोंड उघडलंही.

"अक्का," ती म्हणाली, "ढेकूळ पुरं खाई ले. मग जाय हवेलीमा."

सुगंधाबाई दचकली. तोंडात माती, त्यामुळे बोलताही येईना. तिने भागाबाईकडे पाहिलं आणि त्या दणकट बाईचा चेहरा लहान पोरीसारखा वाकडा झाला.

"कितवा?" भागाबाईने विचारलं.

"पाचवा लागना." पाटलीण कुजबुजली. "कोणले सांगू नको, भागा. तुना पाया पडस. दोन जावई शेत मना. त्यास्ले काय तोंड दाखाडू?"

"पाटीलभाऊले माहीत शे?"

पाटलिणीने मान हलवली. नाही.

तेव्हा भागाबाईचं लक्ष तिच्या कमरेकडे गेलं. लुगड्याखालून पोटावर जुन्या धोतराची पट्टी करकचून आवळलेली होती. भागाबाईचं हसू विझलं. ती खाली बसली, न विचारता तिने गाठ शोधली आणि सोडली. पट्टी निघाली तसा पाटलिणीने असा लांब श्वास सोडला, जसा कित्येक दिवसांत घेतलाच नसावा. कातडीवर लाल वळ उठले होते.

"आम्हले हसाले तुले दम तरी कसा पुरे व माय?" भागाबाई म्हणाली.

"मी हसू तोवर मनाकडे कोणी देखे नही," पाटलीण म्हणाली आणि ओक्साबोक्शी रडू लागली.

गुलाबबाई हात चाटत आली होती. तिने आपली ओढणी पाटलिणीच्या अंगावर घातली. कुंदाने वाऱ्याच्या वरच्या बाजूला, धूर येणार नाही अशा जागी गोणपाट अंथरलं. पाटलिणीला भरत नको होतं. तिने नुसती भाकर आणि चिंच खाल्ली. मग शेठाणीने तिला अगदी गंभीरपणे विचारलं, "तुमच्या पायात गोळे येतात का? त्यावर एक औषध आहे." भागाबाई हसून आडवी पडली.

पण तिने पाटलिणीला फुकट सोडलं नाही. "दंड द्यावा लागी," ती म्हणाली. "आम्हनी ओटी कोणी भरी? म्हातारी बाईनं डोहाळजेवण करा म्हटलं तं लोके हसतीन. तुना घरना झोपाळा मोठा शे. बठ्ठं गाव बलाव. चारी जणीस्नी ओटी भरू."

"चारी?" पाटलिणीने घाबरून विचारलं.

"मंग? पोट काय गाठोडामा लपाडशी?"

एक दिवस पाटलीण घराबाहेर आली नाही. भागाबाईला वाटलं, बया फिरली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर तिचा तोच जुना आवाज घुमला, "परवा मना घर ओटीनी पंगत शे! पहिली ओटी मनी. हा, मनीच! दात काढाना व्हतीन तं आतेच काढी ल्या. स्वराज्य येत शे म्हणतस, तेले माणसं लागतीन का नही? कोणी तरी जनम द्याले पाहिजे ना!"

विहिरीवरच्या बायांच्या हातातले दोर सुटले. मग ज्या हसल्या त्या असं हसल्या, की त्यात टोचण्यासारखं काही उरलंच नाही. ज्या जिभेला गाव भीत होतं तीच आता पदर खोचून यांच्या बाजूने उभी होती. पुढे कुणाची काय हिंमत?

पंगतीला पाटलांचं घर फुललं. झोपाळ्याला झेंडूच्या माळा लावल्या. चौघी एका ओळीत बसल्या, झोपाळा कुरकुरला. गुलाबबाईची सासू माळ घेऊन आली होती. तिला काय कळलं देव जाणे, पण सुनेची अलाबला घेऊन ती प्रत्येकीची घेत सुटली. म्हातारीच्या नाकाच्या भीतीने गुलाबबाई तोंडावर ओढणी धरून श्वास रोखून बसली. खण, नारळ, गव्हाने ओट्या भरत होत्या आणि कुंदाच्या ओटीची पाळी आली, तोच अंगणात बैलगाडी थांबली. फैजपूरची मंडळी एक दिवस आधीच परतली होती.

पाटील नवी खादीची टोपी घालून दारात उभे राहिले. मागे धनसिंग, खाली मान घालून. गाडीत येतानाही पाटलांनी त्याची थट्टा केली असणार, हे भागाबाईला त्याच्या मानेवरूनच कळलं.

"काय चाली राहिनं हाई?" पाटलांनी विचारलं.

भागाबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि पदराआडून मोठ्याने म्हणाली, "ओट्या भरी राहिन्यात, पाटीलभाऊ. आम्हन्या चारी जणीस्न्या."

पाटलांनी झोपाळ्याकडे पाहिलं. "तू... शेठाणी... सूनबाई..." आणि मग त्यांची नजर चौथीवर गेली. सुगंधाबाई मोठ्या दिमाखात बसली होती, पण कान लाल झालेले.

पाटील दाराच्या पायरीवर मटकन बसले. टोपी हातात आली.

अंगणात कुणीतरी हसलं. सगळ्यांनी वळून पाहिलं, तर तो धनसिंग होता. पोट धरधरून हसत होता. मग तो पाटलांच्या शेजारी जाऊन बसला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, पाय चेपता येतस ना तुम्हले?"

फाल्गुनात कुंदाला मुलगी झाली आणि पाठोपाठ, होळीच्या आधी, भागाबाईला मुलगा. भागाबाईला दूध कमी येई. कुंदाने एक अक्षर न बोलता आपल्या दिराला पदराखाली घेतलं. चैत्रात गुलाबबाई अडली. सकाळपासून ऊन कलेपर्यंत तिने हवेली डोक्यावर घेतली, आणि पाटलीण आपलं भलंमोठं पोट घेऊन तिच्या पाठीशी बसून तिला कळ देताना अशा शिव्या शिकवत होती, की सुईणही लाजली. मुलगी झाली. गोरीपान, केसाळ. लालचंद शेठने रडत रडत पेढे वाटले. महिन्याभरातच पाटलिणीलाही मुलगी झाली आणि दोन्ही जावई टोपडी घेऊन आले.

त्या उन्हाळ्यात दुपारी पाटलांच्या पडवीत चार झोळ्या टांगलेल्या असत. एक रडलं की चारी रडत, आणि जी मोकळी असेल ती जे हाताला लागेल ते उचलून छातीशी धरी. कुणाचं कोण याचा घोळ होई. एकदा गुलाबबाईने बराच वेळ पाजलं आणि मग खाली बघून किंचाळली, "अगं, हा तर मुलगा!"

"राहू दे," भागाबाई उशीवरून डोकं न उचलता म्हणाली. "तेले कुठे कळस?" आणि कूस बदलून ती पुन्हा झोपली.