लाल बाटल्यांची रांग

सभागृहाबाहेर सकाळी आठपासून रांग होती आणि प्रत्येकाच्या हातात स्वतःच्या लघवीची बाटली होती. ज्याची लाल, तो ताठ मानेनं उभा. ज्याची पिवळी, तो ती पिशवीत दडवत होता.

"लाल म्हणजे पसरलेला कॅन्सर विरघळून बाहेर पडतोय," रसमहाराज माइकवरून सांगत होते. "पिवळी म्हणजे तुमची श्रद्धा पातळ. रस दुप्पट घ्या."

एकवीस वनस्पतींचा गुप्त रस. माझी मावशी तो पंधरा दिवस पीत होती. तिच्या छातीतली गाठ काढून झाली होती, येत्या सोमवारी केमो सुरू व्हायची होती. पण बाटली लाल झाल्यापासून ती दवाखान्याचं नाव काढू देईना. "सगळं आपोआप वाहून चाललंय, मग सुया कशाला?" मी तपासणी प्रयोगशाळेत दिवसभर लघवीचेच नमुने बघते, पण घरच्या भाचीचं कोण ऐकतं!

मग मंगळवारी मावशीचे यजमान, आमचे काका, पांढरेफटक होऊन माझ्या टेबलापाशी आले. "कुणाला सांगू नकोस. मलाही झालाय." खिशातून बाटली काढली. लाल.

तपासलं. रक्ताचा थेंब नाही.

"काका, मावशीचा रस प्यायलात?"

"चव बरी आहे," ते खाली बघत म्हणाले. "रोज अर्धा पेला."

घरी जाऊन मीही घोट घेतला. आलं-लिंबाच्या आड सरळसरळ बीट. त्याचा रंग काहींच्या पोटात मोडतो, काहींच्या जसाच्या तसा लघवीत उतरतो. श्रद्धेचा संबंधच नाही. काकांनी दोन दिवस रस सोडला, बाटली पिवळी. नुसतं उकडलेलं बीट खाल्लं, पुन्हा लाल. मावशी हे सगळं बघत होती.

रविवारी तिनंच सभागृहात काकांना त्यांच्या लाल बाटलीसकट पुढे ढकललं. "महाराज, यांना कॅन्सर नाही. मग यांचा कुठला बाहेर पडतोय?"

महाराज अडखळले. "तो... पुढे होणारा."

"आणि आज यांनी रस घेतलाच नाही. मंडईतलं बीट खाल्लंय."

सभागृह खदखदून हसलं. महाराज मागच्या दारानं गेले.

सोमवारी मावशी केमोला गेली. "भाज्या खाऊ ना?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

"खा की. वनस्पतींतल्या काही घटकांनी कॅन्सरचा प्रसार रोखता येतो का, यावर अभ्यास चालू आहे. पण प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर जे दिसतं, ते माणसात पेलाभर रसानं घडेलच असं नाही. भाजी ताटात, औषध वेळेवर."

तुमच्या दारी असा चमत्कार आला, तर एवढंच विचारा: हेच निरोगी माणसाला दिलं तर काय होतं? आणि उत्तर काहीही मिळो, डॉक्टरांचे उपचार सोडू नका.