दुसरं ताट

वाडग्यातली नारिंगी पेज बघता बघता काळी पडली, आणि चर्चपुढच्या आंब्याखाली जमलेल्या अख्ख्या गावाने तोंडात बोटं घातली. संदेष्टा गुडसनने तिच्यावर हिरव्या बाटलीतलं पवित्र पाणी नुसतं शिंपडलं होतं. बायांनी पोरांना पोटाशी धरलं.

“पाहिलंत?” संदेष्टा म्हणाला. “सैतान कुठे दडला होता? पोरांच्या पेजेत. लुसाकाची माणसं फुकट मका का वाटतात? अहो, फुकट तर माझी आईसुद्धा जेवायला घालत नव्हती, आधी सरपण आणायला लावायची. आणि वर पोरांच्या बोटातून रक्त कशाला काढतात? तुम्हीच विचार करा.”

लोक हसले. विचार मात्र कोणी केला नाही, तेवढंच त्याला हवं होतं.

म्कुशीकडच्या त्या गावात राजधानी लुसाकाहून संशोधन केंद्राची माणसं नवा मका तपासायला आली होती. दाणा गाजराच्या रंगाचा. ज्याच्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं ते द्रव्य त्यात भरपूर यावं म्हणून वाणांचा संकर करून तयार केलेला. अर्ध्या पोरांना नारिंगी पिठाचं जेवण, अर्ध्यांना नेहमीच्या पांढऱ्या पिठाचं, आणि पुढे रक्त तपासून बघायचं की फरक पडतो का. गावाला तो रंग आधीच खुपत होता. दुष्काळात मदतीचा पिवळा मका खाऊन दिवस काढलेली माणसं ती; रंगीत मका म्हटलं की त्यांना उपासमार आठवायची. त्यात संदेष्ट्याचा धंदा असा की दिवेलागणीनंतर ज्यांना दिसेनासं होतं त्या पोरांच्या डोळ्यांवर हात ठेवायचा आणि कोंबडी घेऊन जायची. पोरांना आपोआप दिसू लागलं तर कोंबड्या कोण देणार?

आयांनी पोरं घरी नेली. त्यांत शाळेतली विज्ञानाची शिक्षिका चिलेशे हिची भाचीही होती. लोंबे तिचं नाव, चिलेशेच्या भावाची पोर. तिकडे आईला पोराच्याच नावाने हाक मारतात, म्हणून तिची आई बना लोंबे. संध्याकाळी लोंबे दारातल्या उखळाला अडखळायची. केंद्रातली नर्स अ जीवनसत्त्वाचा डोस घेऊन दारात आली, तर बना लोंबेने दार लावून घेतलं. संदेष्ट्याचा हुकूम होता.

मग गोवर आला. आधीच कमजोर झालेले डोळे त्याने गाठले. जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत लोंबेचा उजवा डोळा गेला होता.

संदेष्टा भेटायला आला, बसला, चहा प्यायला आणि जाताना म्हणाला, “काय करणार, आईची श्रद्धा कमी पडली.”

चिलेशे तेव्हा दारातच उभी होती. त्याचा गळा धरावा असं तिला वाटलं, आणि ते वाटणं तिने मनात नीट जपून ठेवलं.

आता लोंबेचा धाकटा भाऊ, म्वाबा, अंधार पडायला लागला की भिंत चाचपत चालू लागला होता.

“वहिनी, त्याला दवाखान्यात ने,” चिलेशे म्हणाली. “अगं, त्या बाटलीत आयोडीन आहे. जखमेला लावतात ते. पिठाच्या कशावरही टाक, काळंच होणार. पांढऱ्या न्शिमावरसुद्धा.”

“न्शिमावर?” बना लोंबे दचकली. “शिजवलेल्या अन्नावर औषध ओतायचं? वन्सं, तुम्ही शिकलात, पण अन्नाची लाज सोडलीत.”

इथेच तर सगळी मेख होती. पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड, न्शिमा, म्हणजे त्या लोकांचं जेवण. बाकी काहीही खाल्लं तरी न्शिमा पोटात गेल्याशिवाय माणूस जेवला असं कोणी म्हणत नाही. तिच्यावर भलतंसलतं ओतायचं कोणाच्या स्वप्नातही येत नव्हतं. म्हणून संदेष्टा कायम नारिंगीवर ओतत राहिला, आणि दुसरं ताट आणा असं त्याला कोणी म्हटलं नाही. चिलेशेने सातवीच्या वर्गात ते पांढऱ्या पिठावर करून दाखवलं, तर आईबाप म्हणाले, शाळाही त्यांनाच सामील.

कापणीनंतर संदेष्ट्याच्या मानाचं जेवण ठरलं. हात धुवायला पाणी मी घालणार, असं चिलेशेने स्वतःहून सांगितलं. बायका एकमेकींना कोपर मारून म्हणाल्या, “आली बघा वठणीवर.”

आंब्याखाली चटया पडल्या. गावच्या मुखियाशेजारी संदेष्टा बसला. पुढ्यात पांढरीशुभ्र न्शिमा आणि कोंबडी. कलेजी आणि पोटा पाहुण्याच्या वाडग्यात, रीतच तशी. मग त्याने प्रार्थना सुरू केली. ती इतकी लांबली की न्शिमावर साय धरली. चिलेशेला हेच हवं होतं. गरम पिठावर आयोडीनचा रंग चढत नाही, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. पेजसुद्धा तो आधी लांबलचक प्रार्थना करून निवू द्यायचा.

आमेन झालं. चिलेशे रिवाजाप्रमाणे त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि तांब्या कलता केला. लाल प्लॅस्टिकच्या घमेल्यात पाण्याचा तपकिरी रंग लपून गेला.

“हात पुसू नका, संदेष्टे,” ती गोड आवाजात म्हणाली. “ओल्या हाताने न्शिमा चिकटत नाही.”

त्याने गोळा तोडला, तळव्यात मळला, अंगठ्याने खळगा केला. रस्स्यात बुडवायला मूठ उघडली तर आत काळा गोळा. बोटंही काळी.

पाठीमागून एक म्हातारी म्हणाली, “अगंबाई, सैतान यांच्याच हातात होता की.”

“चेटकीण आहे ही,” संदेष्टा ओरडला. “पाण्यात हिने काहीतरी कालवलंय.”

“कालवलंय,” चिलेशे म्हणाली. “शाळेच्या कपाटातलं आयोडीन. आता तुमच्या बाटलीतलं पवित्र पाणी तुमच्या ताटावर ओता. तिथे तर सैतान नाही ना? मग पांढरं राहील.”

“देवाची परीक्षा घेऊ नये.”

“पोरांच्या पेजेची घेतलीत ती?”

मुखिया हळूच म्हणाला, “ओता की. त्यात काय एवढं.”

संदेष्टा बाटलीकडे हात नेईना. तेव्हा चटईच्या टोकाला बसलेली बना लोंबे उठली. जिने जन्मात न्शिमाचा कण सांडू दिला नव्हता, तिने ती हिरवी बाटली उचलली, बूच काढलं आणि सबंध त्याच्या ताटावर उपडी केली. पांढरा ढीग काळा ठिक्कर पडला.

“माझी श्रद्धा कमी पडली म्हणाला होतास ना,” ती म्हणाली. “घे, आज सगळी ओतलीय. आता खा.”

त्याने खाल्लं नाही. उठला, वाटेत कोणाचा तरी रस्सा लवंडला, आणि पाठीवर बायकांच्या शिव्या घेत रस्त्याला लागला. त्याला कोणी मारलं नाही याचं चिलेशेला अजूनही थोडं वाईट वाटतं. तिने हात स्वच्छ धुतले, त्याच्या वाडग्यातली कलेजी उचलली आणि अर्धी लोंबेच्या, अर्धी म्वाबाच्या हातात ठेवली. पोरांच्या डोळ्यांना हवं ते जीवनसत्त्व कलेजीत भरलेलं, आणि ते दर वेळी मानाच्या पाहुण्याच्या पोटात जात होतं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं ते असं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात म्वाबाला डोस मिळाला. तिथून बना लोंबे त्याला घेऊन केंद्रात गेली. तपासणीचे प्रमुख म्वापे पोरांना वाढत होते.

“तुमच्या मक्याने नक्की गुण येतो?” तिने विचारलं.

“ते अजून सांगता येत नाही, ताई. म्हणूनच तर तपासतोय.”

“आणि पांढरं खाणारी पोरंही बघता?”

“दोन्ही बघतो. नाहीतर कळणार कसं?”

तिने मान हलवली. नक्की सांगणाऱ्याने तिच्या लेकीचा डोळा नेला होता. चमत्कार दाखवणारा कोणीही येवो, कुठल्याही देवाचं नाव घेवो, त्याला एवढंच सांगावं की बाबा, हेच पाणी दुसऱ्या ताटावर ओत, आणि बाटली आमच्या हातात दे. ते कोणी वेळेवर सांगितलं असतं तर लोंबे आज दोन्ही डोळ्यांनी बघत असती.

“म्वाबा, बस,” बना लोंबे म्हणाली, आणि पोराचे हात धुवायला तिने तांब्या उचलला. आधी त्यातलं पाणी तिने स्वतःच्या तळव्यावर ओतून पाहिलं.