मोदकपात्रातला पेंढा

दिवाळी सरली की पनवेलच्या कडेच्या त्या सोसायटीत खिडक्या बंद व्हायच्या. थंडीमुळे नव्हे. कुंपणापलीकडे बुधाजी घरतांचं शेत होतं आणि भात झोडून झालं की तिथला पेंढा पेटायचा. मग दोरीवरच्या कपड्यांपासून डब्यातल्या पिठापर्यंत सगळ्यालाच धुराचा वास!

त्या वर्षी धूर निघण्याआधीच वसुंधरा कुंपणाशी जाऊन उभी राहिली. ती कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. आदल्या हिवाळ्यात तिचे वडील खोकत खोकत गेले होते. धुरामुळेच गेले, असं डॉक्टर म्हणाले नव्हते. पण खिडकीच्या फटीत ओला टॉवेल कोंबणारे त्यांचे हात तिला विसरता येत नव्हते. आणि आता आईलाही, सुमतीबाईंना, धाप लागू लागली होती.

"बुधाजीकाका, यंदा पेंढा जाळू नका."

"मंग काय करू बाय? लोणचं घालू?" बुधाजी हसला. "गुरं व्हती तवा काडी उरत नव्हती. जमिनी गेल्या, गुरं गेली. आन ह्यो भिजका पेंढा दुसऱ्याची गुरंबी खात नाय. मला वाल पेरायचा हाय. तुमचा गॅस पेटला तर सैपाक, आमचा पेंढा पेटला तर गुन्हा व्हय?"

वसुंधरा तणतणत घरी आली. "ही माणसं सुधारायची नाहीत, आई! सरळ तक्रार करते."

सुमतीबाई मेथी निवडत होत्या. श्वास सावरून त्या म्हणाल्या, "त्याचं काय चुकलं? जाळू नको, एवढंच सांगून आलीस. त्याऐवजी काय करू, ते कोण सांगणार? तुझ्या कॉलेजातली ती बुरशी म्हणे झाडाचा धागान् धागा पचवते. बाबांना किती कौतुकानं सांगायचीस! ती खरंच पेंढा खाते, की नुसती पुस्तकातच?"

खरंच की! प्रयोगशाळेत वसुंधरा बुरशीला आजवर शुभ्र गाळणकागदच खायला घालत आली होती. कुंपणापलीकडचा पेंढा तिला कधी दिसलाच नव्हता. दिसला होता तो फक्त धूर.

दुसऱ्या दिवशी तिने बुधाजीकडून पेंढ्याचा भारा मागून आणला. "न्या," तो म्हणाला, "पन पेरनीच्या आत काय ते सांगा. नायतर मी काडी लावनार."

पेंढ्याला चिवट करणारे धागे म्हणजे मुळात साखरेच्या लांबच लांब माळा. बुरशीला तोंड नाही, पोट नाही. ती आपली पाचक विकरं बाहेर सोडते आणि त्या माळा तोडते. पेंढ्यावर बुरशी वाढवायची, तिची विकरं पाण्यात उतरवून घ्यायची आणि ती नव्या पेंढ्यावर चालवायची, असा वसुंधरेचा बेत होता. पण पहिलीच खेप फसली. परातींत भलतीच काळी बुरशी माजली आणि घरभर कुबट वास सुटला.

"पेंढा वाफवला होतास?" आईने विचारलं.

"कॉलेजचा कुकर एवढासा आहे. उकळतं पाणी ओतलं होतं."

"उकळतं पाणी ओतून मोदक होतात का गं?"

सुमतीबाई उठल्या. स्टुलावर चढून त्यांनी माळ्यावरून तांब्याचं मोठं मोदकपात्र खाली काढलं. यंदा वर्षाच्या आत सण नाही म्हणून गणपतीतही ते उतरलं नव्हतं. आतल्या चाळणीवर बोटभर धूळ होती.

"आई, बाबांचं मोदकपात्र? बुरशीसाठी?"

"त्यांना मोदक आवडायचे. आणि तुझे प्रयोगही." त्यांनी कापलेला पेंढा आणि भाताचा कोंडा बाबांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधला आणि झाकण ठेवलं. थोड्याच वेळात घरभर वाफाळत्या भातासारखा वास पसरला.

पेंढा निवल्यावर त्यावर कॉलेजातली बुरशी पेरली आणि या खेपेला परातींत तीच मखमलीसारखी हिरवीगार उमलली. वसुंधरेने ती पाण्यात कालवून गाळली आणि त्या पाण्यात दळलेला पेंढा भिजवून उबेत ठेवला. मग आईला आणि बुधाजीला प्रयोगशाळेत बोलावलं. बुधाजी लग्नाला निघाल्यासारखी टोपी घालून आला.

तिने तीन नळ्या मांडल्या. एकीत पेंढा भिजवलेलं साधं पाणी, दुसरीत नुसतं बुरशीचं पाणी आणि तिसरीत पेंढ्यावर चालवलेलं बुरशीचं पाणी. साखर ओळखणारं निळं औषध तिन्हींत घालून तिने त्या गरम पाण्यात धरल्या. पहिली निळीच राहिली. दुसरीही निळीच. तिसरी मात्र हिरवी झाली, पिवळी झाली, नारिंगी झाली... आणि विटेसारखी लालभडक!

"आयला! ह्यो तर भट्टीतल्या विटंचा रंग!"

"ही तुमच्या पेंढ्यातली साखर, काका."

"चा गोड व्हईल?"

"चहाला नाही चालायची. पण जमिनीतल्या जीवांची मेजवानी आहे."

बुधाजी नळीकडे पाहत राहिला. हसू मावळलं. "म्हंजे दरसाल मी साखर जाळत व्हतो!"

पेरणीआधी सारा पेंढा शेताच्या कोपऱ्यात रचला गेला. थरावर थर, मध्ये शेणकाला आणि मोदकपात्रातून निघालेल्या कोंड्यावर वाढवलेली ती हिरवी बुरशी. आजवर खिडकीतून नुसतं ओरडणारे सोसायटीकर पाण्याच्या बादल्या घेऊन कुंपण ओलांडून आले. पौषात ढीग उकरला तेव्हा काळंभोर, भुसभुशीत खत हाती लागलं. शेजारचे शेतकरी मूठ मूठ हुंगून पाहत होते आणि बुधाजी त्यांना सांगत होता, "बुरशीला नावं ठेवू नका! शिकलेली हाय ती!"

त्या हिवाळ्यात सोसायटीच्या खिडक्या उघड्या राहिल्या. बाबांचं वर्षश्राद्ध झालं त्या संध्याकाळी सुमतीबाई गॅलरीत बसल्या होत्या. धाप नव्हती.

पुढच्याच रविवारी बुधाजी कुंपणाशी आला. "वैनी, यक परवानगी हवी. मडक्यात वालाच्या शेंगा भाजून पोपटी लावतो. मडक्यापुरता पेंढा जाळला तर चालंल ना?"

"जाळा!" सुमतीबाई खळखळून हसल्या. "पण पहिल्या शेंगा आमच्या!"

मित्रहो, आपल्याही कुंपणापलीकडे कुणी ना कुणी काही ना काही जाळत असतं. त्याला 'नको' म्हणणं सोपं आहे. 'नको' म्हणताना त्याच्या हाती 'मग हे कर' द्यायला आपली विद्या, आपले कष्ट आणि वेळ पडली तर माळ्यावरचं मोदकपात्रही खाली काढावं लागतं. तेवढं केलं की धूर आपोआप थांबतो आणि कुंपणही तेवढं उंच वाटत नाही.